कमानचे : मागे पडले की मागे टाकले?

मंडळी, आजचे वाद्य इराणचे आहे, पण त्याचे नाव जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांना परके वाटू नये. शिवनेरीवर कमानी मशीद आहे, दोन मिनारांमधली तिची ती उंच कमान तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली. फारसीत ‘कमान’ म्हणजे धनुष्य. धनुष्यासारखी वळलेली म्हणून दाराचीही कमान. आणि ‘चे’ हा तिथला लहानपणा दाखवणारा प्रत्यय, ज्याने बागेचा बगीचा केला. तेव्हा कमानचे म्हणजे छोटे धनुष्य. आपण सारंगी ज्याने वाजवतो तो ‘गज’, तोही शब्द फारसीतलाच. मलिक अहमदाने १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरातून, अहमदनगर त्यानंतर वसले. फारसी शब्द आपल्या बोलीत मुरायला इथे वेळ भरपूर मिळाला.

वाद्य दिसते कसे? लाकडाचा गोल वाडगा, तोंडावर पातळ कातडे, वर दांडी, खाली लोखंडी खुंटा. तो खुंटा मांडीवर नाहीतर जमिनीवर टेकवायचा. तारा आज चार. पूर्वी तीनच होत्या, चौथी व्हायोलिनच्या प्रभावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. गजाचे केस सैल असतात, वादक बोटांनी ते वाजवता वाजवता ताणतो. आणि खरी गंमत पुढे आहे. एका तारेवरून दुसरीवर जाताना व्हायोलिनवाला गजाचा कोन बदलतो. कमानचेवाला गज तसाच आडवा ठेवतो आणि वाद्यच खुंट्यावर फिरवतो. गज स्थिर, वाद्य त्याच्याकडे वळते. हे नुसते तंत्र नाही बरं का. सूर दाबून धरण्यापेक्षा त्याला सामोरे नेण्याची ती रीत आहे, असे आम्हाला वाटते.

आता नेहमीचा वाद. सारंगी इराणातून आली की आपलीच? अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारी कलावंतांची यादी दिली आहे. तीत घिचक वाजवणारे दोघे आहेत, मशहदचा मीर सय्यद अली आणि हेरातचा बहराम कुली. घिचक हे कमानचेच्याच कुळातले. वादक आले, दरबारात मानाने बसले, पण वाद्य इथे रुजले नाही. सारंगीची घडण तर वेगळीच: एकाच लाकडात कोरलेले अंग, आतड्याच्या तारा, खाली तरफांची रांग, आणि तारेला कडेने लागणारी नखांची मुळे. मूळ कोणाचे हा प्रश्न अभिमानाचा आहे, संगीताचा नाही. तो आम्ही इथेच सोडतो.

संगीताचा प्रश्न वेगळा आहे. गळ्याच्या पाठोपाठ चालणारी ही वाद्ये, दोन्हीकडे, एकाच काळात बाजूला का झाली?

इराणात व्हायोलिन आले. अबोलहसन सबांसारखा मोठा वादक आणि गुरू ते वाजवू लागला, आणि कमानचे जुनाट ठरले. आपल्याकडे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा साथीला सारंगी-तबला होता. मग पायपेटी आली, ऑर्गन आला. बालगंधर्वांमागे थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती हे आपण कौतुकाने सांगतो खरे, पण पुढच्या पिढीच्या नाटकात सारंगीची खुर्ची कुठे गेली ते सांगत नाही. व्हायोलिन आपल्याकडेही आले. गजाननबुवा जोशी, वाईचे वि. गो. जोग, यांनी त्याला मोठेपण दिले. मात्र व्हायोलिनने सारंगीची साथीची जागा फारशी घेतली नाही. ती घेतली पेटीने.

का, असे विचारले की उत्तर तयार असते: ‘पेटी सोयीची, सारंगी मागे पडली.’ या वाक्याकडे जरा बघा. ‘पडली’ हे अकर्मक क्रियापद आहे, पाऊस पडतो तसे. त्यात कर्ता दिसत नाही. सारंगी तवायफांच्या, कलावंतिणींच्या बैठकीतली म्हणून सभ्य घरांनी ती उंबऱ्याबाहेर ठेवली. सारंगियाकडे गाणे शिकायचे, त्याच्याकडून बंदिशी घ्यायच्या, आणि त्याला पंगतीत बसवायचे नाही, हे चालले. सोय हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. सोयीमागे आपण आपली लाज लपवली.

याला पुरावा म्हणून १९४० हे साल घ्या. त्या वर्षी तेहरानचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि व्हायोलिन घराघरांत ऐकू जाऊ लागले. त्याच वर्षी आपल्या आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, कारण तिच्यात मींड नाही, सूर ठोकून बसवलेले. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षे सारंगियांना सरकारी पगार मिळाला. पेटी नसतानाही सारंगी प्रतिष्ठित झाली का? नाही. म्हणजे अडचण सोयीची नव्हतीच!

इराणात वळण निराळे मिळाले. अली असगर बहारी (१९०५–१९९५) यांनी व्हायोलिनच्या भर उन्हाळ्यात कमानचे हाती धरून ठेवले. १९६८ मध्ये इराणी संगीताच्या जतनासाठी तेहरानात केंद्र निघाले, तरुण पुन्हा जुन्या वाद्याकडे आले. कैहान कल्होर हे त्या परतीचे सर्वांत मोठे नाव. २०१७ मध्ये इराण आणि अझरबैजान या दोघांच्या नावे कमानचेची घडण आणि वादन युनेस्कोच्या यादीत गेले.

कल्होर आणि सितारिये शुजात हुसेन खाँ यांची ‘गझल’ ही जोडी. त्यांची ‘द रेन’ ही ध्वनिफीत बर्नला २००१ मध्ये मुद्रित झाली, तबल्यावर संदीप दास. ती सुंदर आहे, जरूर ऐका. पण समीक्षकाने गोडव्यावर थांबू नये. इराणी संगीतात आपल्या बाराच्या मधले, कोमलाहून वर आणि शुद्धाहून खाली असे सूर आहेत. आमच्या कानांना ही जोडी त्या अडचणीच्या जागा टाळून, जिथे दोघांचे जुळते तिथेच रमताना ऐकू येते. संवाद देखणा होतो, पण कोणालाही आपले काही सोडावे लागत नाही. कल्होर खरे उमगतात ते एकटे वाजवताना: गज खरखरतो, सूर तुटायला येतो आणि तुटत नाही.

नारायणगावात बसून हे बोलताना तमाशाची आठवण होणारच. फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे, पुढे पेटीही. तिथे गजाचे वाद्य नाही, आणि म्हणून काही उणेही नाही. तुणतुण्याचा एकच सूर विठाबाईंच्या गळ्याला पुरला. आमची तक्रार त्या फडाबद्दल नाही. ज्यांनी सारंगीवर गाणे घडवले आणि मग ती ‘मागे पडली’ म्हटले, त्या आपल्या सुशिक्षित मंडळींबद्दल आहे. त्यांत आम्हीही येतो.

आता बहारींचे एक जुने ध्वनिमुद्रण लावतो आहोत. पंखे जरा बंद करा. आवाज बारीक आहे.