रिकाम्या बाकाशेजारचा मुलगा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. जोडप्याला म्हणायचे ‘कोयता’. पोर या हिशेबात नाही. त्याचे शाळेचे दुसरे सत्र बुडते. फडावर ते परगावचे, गावी परतल्यावर वर्गात मागे पडलेले.

मराठी साहित्याला असे फिरस्ते बालपण अपरिचित नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेची पायरी चढतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) जन्मानेच चोर ठरवलेल्या जमातीचे बालपण आहे. पण ही प्रौढ वाचकांसाठीची आत्मकथने. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाच्या हाती ती पडतात, तोवर त्याचे पूर्वग्रह पक्के झालेले असतात.

बालकथेत असे मूल आणायचे तर दयेची वाट सर्वांत सोपी. फाटके कपडे, कुणीतरी दिलेली वही, आणि वाचक निर्धास्त. अमेरिकन लेखिका एलिनॉर एस्टीस यांनी ‘द हंड्रेड ड्रेसेस’मध्ये (१९४४) ही वाट टाळली. पोलिश स्थलांतरित कुटुंबातली वांडा रोज एकच निळा झगा घालते आणि घरी शंभर झगे असल्याचे सांगते. मुली तिला चिडवतात. कथा मात्र घडते मॅडीच्या मनात. मॅडीही गरीबच, उद्या आपली पाळी येईल या भीतीने ती गप्प राहते. वांडा शाळेत यायची थांबते, तेव्हा वर्गाच्या भिंतींवर तिचे शंभर झगे दिसतात, कागदावर रंगवलेले. माफी मागायला वांडा आता समोर नाही. एस्टीस बोट ठेवतात ते चिडवणाऱ्यांपेक्षा गप्प राहणाऱ्यांवर, आणि बालवाचक बहुतेक वेळा त्यांच्यातलाच असतो.

आपल्याकडची गोष्ट इथे वेगळी होते. हंगाम संपला की टोळी परतते. जूनमध्ये ते मूल पुन्हा शाळेत येऊ शकते. मॅडीला न मिळालेली संधी आपल्या मुलांपुढे दरवर्षी उभी राहते. म्हणून मराठी बालकथेने निवेदन एकदा रिकाम्या बाकाशेजारच्या मुलाकडे द्यावे: हजेरीत ते नाव आले की वर्ग हसतो, आणि हा खाली बघतो. फडावरचे मूल आपली कथा उद्या स्वतः लिहीलच. ती ऐकून घेणारा वर्ग मात्र आजच्या बालकथेलाच घडवावा लागेल.