फॅरामिर डगमगला का?

आज ॲरिस्टॉटलकडे जरा आडवाटेने जाऊ या, सिनेमाच्या वाटेने. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग 'द टू टॉवर्स' १९५४ साली आला, आणि त्यावरचा पीटर जॅक्सनचा चित्रपट २००२च्या डिसेंबरात. लढाया, चालतीबोलती झाडं, गॉलम हे सगळं पडद्यावर झकास उतरलंय. आमची तक्रार आहे ती एका माणसाबद्दल, फॅरामिरबद्दल.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रोडो आणि सॅम ही बुटकी मंडळी एक अंगठी नष्ट करायला निघालीत. ती अफाट सत्ता देते आणि माणसाचं मन नासवते. फॅरामिरचा थोरला भाऊ बोरोमिर तिच्याच मोहाने घसरला आणि लगेच लढताना मेला. आता हे दोघे फॅरामिरच्या हाती सापडतात.

पुस्तकात ही वस्तू नेमकी काय आहे हे कळायच्या आधीच फॅरामिर बोलून जातो, की ती रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पुढे धबधब्यामागच्या गुहेत गप्पांच्या भरात सॅमच्या तोंडून गुपित निसटतं. फॅरामिर ताठ उभा राहतो, डोळे चमकताहेत. दोघांचे हात तलवारीकडे जातात. आणि हा पुन्हा खाली बसतो, हळूच हसतो. अजाणता बोललो असलो तरी तो शब्द मी शपथेसारखाच मानेन, असं म्हणतो. संपलं!

चित्रपटात मात्र तो दोघांना पकडून ऑस्गिलिअथला नेतो. अंगठी बापाला भेट द्यायची आहे ना! तिथे फ्रोडोची अवस्था बघून, सॅमचं बोलणं ऐकून त्याचं मन पालटतं.

हा बदल का केला? एक कारण साधं आहे. पुस्तकाचा हा भाग शेलॉब नावाच्या अवाढव्य कोळ्याच्या (जाळं विणणाऱ्या, बरं का) प्रसंगाने संपतो. तो प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलला, म्हणून इथे दुसरा कळसबिंदू हवा होता. हे आम्हाला मान्य आहे. दुसरं कारण चित्रपटकर्त्यांनीच दिलंय: सगळे ज्या अंगठीला घाबरतात तिला एक माणूस सहज 'नको' म्हणाला, तर तिचा दरारा काय उरला? खरा वाद इथे आहे.

ॲरिस्टॉटल निग्रही आणि संयमी यांत फरक करतो. मधुमेह झालेला एक गृहस्थ जिलबीच्या परातीसमोरून दातओठ खात पुढे जातो, तो निग्रही. दुसऱ्यालाही परात दिसते, पण त्याचे पाय थबकत नाहीत, तो संयमी. ॲरिस्टॉटल दुसऱ्याला वरचा मानतो. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, आणि दरवर्षी मुलांनी पहिल्यालाच जास्त मार्क दिले. "सर, दुसऱ्याने केलं काय?" खरं सांगायचं तर चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हीही फसलो. हा फॅरामिर आम्हाला जास्त 'माणसासारखा' वाटला. म्हणजे न डगमगणारा माणूस आम्हालाही खोटाच वाटू लागला होता!

अढळ माणूस पडद्यावर चालत नाही, असं म्हणावं तर आपला सिनेमा सुरूच कुणापासून झाला? फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र'. पुढे 'प्रभात' पुण्यात यायच्या आधी, कोल्हापुरात असताना, १९३२ साली शांतारामबापूंचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला पहिला बोलपट, तोही हरिश्चंद्राचाच. शब्द पाळणार की नाही, हा त्या कथेतला प्रश्नच नाही. तो पाळताना राज्य जातं, बायको-मुलगा जातात, आणि प्रेक्षक ते बघत बसतो. नाट्य किमतीत आहे. फॅरामिरलाही पुढे बापाकडून किंमत मोजावी लागतेच, पुस्तकातही आणि तिसऱ्या चित्रपटातही. तेवढं पुरलं असतं.

वाढीव आवृत्तीत तर जॅक्सनने बोरोमिर आणि बाप यांचा एक जुना प्रसंग घातलाय: बापाला थोरला प्रिय, धाकटा नकोसा. प्रसंग सुरेख आहे, पण त्यामुळे अंगठीचा मोह हा बापाच्या शाबासकीचा मोह होतो. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता. तलवारीवर प्रेम न करता लढणारा हा माणूस त्याला योजना नसताना सुचला, असं त्याने १९४४ साली मुलाला कळवलं होतं, आणि पुढे हेही म्हटलं की माझ्यासारखं कुणी पात्र असेल तर ते फॅरामिर.

डेव्हिड वेनम हा चांगला नट आहे. गुहेत उठून उभं राहणं, तो एक धोक्याचा क्षण, आणि मग खाली बसून ते हळूच हसणं, हे त्याला नक्की जमलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.