तीन आचांची रान

भाजलेल्या मांसाची पहिली परीक्षा सुरी घेते. काप तंतूंना आडवा काढायचा आणि तोंडात टाकण्याआधी त्याची कड उजेडात धरायची. बाहेरची तांबूस-काळी साल किती जाड आहे, तिच्याखाली वाळलेल्या मांसाचा करडा पट्टा किती रुंद आहे आणि रसाची चमक कुठून सुरू होते, एवढं पाहिलं की भाजणाऱ्याने कुठे घाई केली नि कुठे दम धरला ते कळतं. साल पातळ नि कुरकुरीत, करडा पट्टा जेमतेम दिसेल इतका आणि पुढे थेट हाडापर्यंत ओलावा, असा काप मला बनारसमधल्या माझ्या स्वयंपाकघरात, कॉम्बिनेशन मायक्रोवेव्हमधून मिळतो. पदार्थ एकच, खस्सीची रान, म्हणजे बोकडाची मागची अख्खी मांडी. तिची थोरवी मला सविस्तर सांगायची आहे.

मायक्रोवेव्हमधलं मटण म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. नुसत्या मायक्रोवेव्हबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. रडारसाठी बनवलेल्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना १९४५मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. त्यातून १९४७मध्ये ‘रेडारेंज’ नावाची माणसाच्या उंचीची, तीनशे किलोंहून जड भट्टी निघाली. सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनांच्या लहरी मांसातल्या पाण्याला तापवतात आणि ते पाणी मांसाला शिजवतं. पेटीतली हवा मात्र जवळजवळ गारच राहते. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांपुढे जात नाही. भाजल्याचा रंग नि खमंगपणा ज्या क्रियेतून येतो, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२मध्ये वर्णन केलेली ती क्रिया जोमाने व्हायला १४० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणून नुसत्या लहरींवर शिजलेलं मटण करडं, उकडल्यासारखं दिसतं आणि लागतंही तसंच.

कॉम्बिनेशन यंत्रात त्याच पेटीत आणखी दोन आचा असतात. एक कन्व्हेक्शनची, तापलेली तार आणि तिची गरम हवा आतून खेळवणारा पंखा. दुसरी ग्रिलची, छताला बसवलेली लाल होणारी कांडी. तिन्ही एकत्र लावता येतात, एकेकटीही. भाजणं हा मुळात मांसातल्या पाण्याचा व्यवहार आहे. कोणतं पाणी राखायचं, कोणतं उडवायचं आणि केव्हा, यावर सगळं ठरतं. विस्तवावर हे सगळं एकदम चालू असतं. या यंत्रात ते सुटं करून, क्रमाने करता येतं, आणि रानेचं सगळं सौंदर्य त्या क्रमातून येतं.

बनारसला हा व्यवहार जुना आहे. गोवऱ्यांच्या आचेला इथे अहरा म्हणतात. गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळ बसून राखेचा थर धरला की त्यात बाट्या पुरायच्या, वांगी-बटाटे खुपसायचे आणि मातीच्या हंडीत डाळ चढवायची. शहराबाहेर, गंगेपलीकडे जाऊन अंघोळ, मालिश आणि मग हा स्वयंपाक, अशी दिवसभराची मौज इथे ‘बहरी अलंग’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अगहन वद्य षष्ठीला, आपल्या पंचांगाने कार्तिक वद्य षष्ठीला, वरुणेकाठी रामेश्वरला लोटा-भंटा मेळा भरतो. तिथे बाटी आणि भाजलेल्या वांगी-बटाट्यांच्या चोख्याचा नैवेद्य शंकराला दाखवून लोक तोच प्रसाद खातात. मांसाचा तिथे संबंध नाही, पण भाजण्याचं मर्म पाहायचं तर अहऱ्यातलं वांगं फोडून पाहावं. साल जळून कोळसा झालेली, आणि तिच्या आत गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजून लोण्यासारखा झालेला. साल मध्येच फाटली तर वाफ निसटते आणि गर चिवट, कडसर राहतो. याच अहऱ्यावर हंडीचं तोंड कणकेने लिंपून मटणही शिजतं. तिथेही काम तेच, पाणी कोंडायचं आणि हळूहळू वापरायचं.

सुश्रुतसंहिता ज्याच्या उपदेशातून आली असं ती संहिताच सांगते, तो दिवोदास धन्वंतरी काशीचा राजा. तिच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा अध्याय आहे, आणि त्यात मांस सिद्ध करण्याचे प्रकार नावानिशी येतात. परिशुष्क आणि प्रदिग्ध, म्हणजे आटवून कोरडं केलेलं आणि लेपाने ओलं राखलेलं, हे दोन वेगळे. निखाऱ्यावरचं प्रतप्त, भट्टीतलं कंदुपाचित, शुळावरचं शूल्य, हे आणखी वेगळे. वैद्याने हे भेद पचनासाठी केले, पण स्वयंपाक जाणणाऱ्या माणसाला त्यात आचेची आणि ओलाव्याची किती बारीक समज दिसते! माझी रान या यादीत एका जागी बसत नाही. ती आधी प्रदिग्ध, मग कंदुपाचित आणि शेवटी शूल्याच्या जवळ जाणारी. एका मांडीने तीन अवस्थांतून जावं, हे मला फार आवडतं.

मांडी निवडताना लहान निवडावी. खस्सी म्हणजे खच्ची केलेला बोकड. त्याच्या मांसाला उग्र वास नसतो आणि चरबी मऊ असते, म्हणून या मुलखात मटण म्हटलं की खस्सीच मागतात. होळीला इथे पुष्कळ घरांत मटण शिजतं. सावनात मात्र शहराचा नूर पालटतो. इथला महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपली गटारी ऐन सावनाच्या मध्यावर येते. कावड घेऊन निघालेल्या लोकांनी रस्ते भरलेले असताना घरात मटण भाजावं असं मलाही वाटत नाही. रानेचा खरा मोसम थंडीचा, पौष-माघातला, जेव्हा सकाळी धुक्यात घाटाच्या पायऱ्याही नीट दिसत नाहीत.

सव्वा किलोच्या आतबाहेरची मांडी पुरे. मोठी आणली की नळीचं टोक पेटीच्या भिंतीला अडतं, काचेची तबकडी फिरत नाही, आणि लहरी आत सगळीकडे सारख्या जोराच्या नसल्याने एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. नळी सांध्यापाशी तोडून वळवून घ्यावी, म्हणजे तिच्यातला मगजही पुढे कामाला येतो. मांडीला खोल चिरा देऊन मीठ आदल्या रात्रीच चोळावं. मग टांगून घट्ट केलेलं दही, आलं-लसूण, मिरी, जायपत्री, तिखट, मोहरीचं कडू तेल आणि सालीसकट वाटलेली थोडी कच्ची पपई. पपईच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. तिचं विकर मांस हळूहळू तापत असताना सर्वांत जोमाने काम करतं, आणि जास्त झालं तर वरचा थर पिठूळ होतो. पेटीत ठेवण्याआधी जाड लेप निपटून काढावा. खारट, ओल्या लेपात लहरी वरच्यावर जिरतात आणि मांसापर्यंत कमी पोचतात.

आता पहिली आच. मांडी झाकणाच्या काचेच्या भांड्यात, तळाला अर्धी वाटी पाणी, मायक्रोवेव्ह अगदी कमी ताकदीवर आणि जोडीला १६० अंशांचं कन्व्हेक्शन. मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. लहरी मांसात दोनेक सेंटिमीटर शिरतात आणि तिथवर क्षीण होतात. पुढे हाडापर्यंत उष्णता नेहमीच्याच वाटेने, थराथराने जाते. यंत्राजवळ उभं राहून कान दिला तर हे ऐकूही येतं. कमी ताकदीवर बहुतेक यंत्रांतला मॅग्नेट्रॉन मंद चालत नाही, तो चालू-बंद होत राहतो. काही सेकंद घुमतो, मग गप्प होतो आणि नुसता पंख्याचा आवाज उरतो. त्या गप्प राहण्याच्या वेळातच उष्णता आत सरकते. मांडीच्या सांध्याभोवतीचे चिवट पापुद्रे वितळून त्यांचा चिकट रस व्हायला ७०-८० अंशांची आच हवी आणि ती बराच वेळ टिकायला हवी. पूर्ण ताकद लावून वीस मिनिटांत मांडी ‘शिजते’, पण पापुद्रे तसेच राहतात, तंतू आक्रसतात आणि पाणी पिळून बाहेर येतं. तास-सव्वा तास द्यावाच लागतो, मध्ये एकदा उलटून. सळई सांध्याशी खुपसली आणि ती अडल्याशिवाय गेली की हा टप्पा झाला. कोंबडीला इतका वेळ लागत नाही. तिचे पापुद्रे कोवळे असतात आणि तिच्यात लहरींची घाई खपून जाते.

या क्षणी मांडी दिसायला काहीच नसते. फिकट, ओली, वर दह्याच्या कण्या. इथेच पुष्कळ जण थेट ग्रिल लावतात आणि फसतात, कारण ग्रिलची सगळी ताकद आधी पृष्ठभागाचं पाणी उडवण्यात जाते. तोवर साल धरत नाही आणि खालचं मांस मात्र वाळत राहतं. करडा पट्टा रुंद होतो तो असा.

म्हणून दुसरी आच. मांडी भांड्यातून काढायची, रस वाटीत गाळून ठेवायचा आणि यंत्राबरोबर आलेल्या बुटक्या जाळीवर तिला उघडीच ठेवायची. लहरी बंद, नुसतं २०० अंशांचं कन्व्हेक्शन, पंधरा-वीस मिनिटं. आत दिवा लावून काचेतून पाहत राहावं. आधी पृष्ठभागाची ओली चकाकी जाते, मांडी मंद दिसायला लागते. मग चिरांच्या कडा वर उचलल्या जातात. मग चरबी झिरपायला लागते आणि पुन्हा चकाकी येते, पण ही दुसरी, तेलाची, पिवळसर. पहिली चकाकी गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचा अवधी हा या पदार्थाचा गाभा आहे. रंग अजून पुरता आलेला नाही, चव अजून लपलेली आहे, पण पाणी बाजूला झालं आहे आणि पुढच्या आचेला वाट मोकळी आहे. ब्रशने तुपाचा एक हात द्यावा तो इथेच.

ग्रिल शेवटी आणि थोडा वेळ. उंच जाळी, एकेका बाजूला चार-पाच मिनिटं, डोळा हलवायचा नाही. कांडीची उष्णता सरळ रेषेत पडते, जे तिच्यासमोर आहे तेच भाजतं. त्यामुळे चिरांच्या उचललेल्या कडा आधी काळवंडतात, फुगीर भाग तांबडा होतो आणि खोलगट जागा सोनेरी राहतात. एकसारखा रंग मला नको असतो. कडेचा कडवटपणा, मधला खमंगपणा आणि चिरेतला मऊ, आंबट-तिखट लेप एका कापात यावेत, याचसाठी तर चिरा दिल्या. बाहेर काढल्यावर पाव तास मांडीला हात लावू नये. त्या वेळात रस जरा दाट होतो आणि कापताना ताटात वाहून जात नाही.

या मांडीत एक गोष्ट नसते ती धुराची. कोळशावर टपकलेली चरबी धूर होऊन परत मांसाला लागते. इथे ती खालच्या काचेवर पडते. संध्याकाळी दालमंडी-नई सडकच्या बाजूला कबाबाच्या शेगड्या पेटल्या की पदार्थ निम्मा त्या हवेतच असतो, आणि सीख कबाबाला तोच विस्तव हवा. यंत्रात तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रानेला धुंगार देता येतो. लाल निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप नि एक लवंग टाकायची आणि मांडीशेजारी झाकायचं, दोन मिनिटं, जास्त नाही. पण माझ्या जिभेला बिनधुराची रानच जास्त पटते. धूर आला की तो सगळ्यांत पुढे बोलतो. तो नसला की जायपत्री, मोहरीच्या तेलाची मागे राहिलेली झणक आणि खुद्द खस्सीच्या चरबीचा गोडवा वेगवेगळे ओळखू येतात.

पहिले काप मांडीच्या जाड बाजूचे, पाहुण्यांसाठी, लिंबू आणि मुळ्याच्या चकत्यांबरोबर. नळीजवळचे काप मी मागे ठेवतो. तिथे साल जास्त, मांस थोडं आणि वितळलेल्या पापुद्र्यांचा चिकटपणा ओठांना लागतो. गाळून ठेवलेला रस कढईत आटवून, नळीतला मगज त्यात ठोकून घातला की दाट, काळसर रस्सा होतो. त्यात बाटी कुस्करून खावी, साजूक तूप वेगळं लागत नाही. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी लहरींवर तापवू नये, साल भिजून कातड्यासारखी होते. १६० अंशांच्या कन्व्हेक्शनमध्ये दहा मिनिटं ठेवावं, किंवा पातळ काप करून थंडच, कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर खावं.