गाव म्हणजे नेमकं कोण?
(मालगुंड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, गाडगीळ अहवालाबद्दल कोकणात दोनच सूर ऐकू येतात. कोणाला तो विकासाचा वैरी वाटतो, कोणाला पोथी. आम्ही आज त्याच्याकडे एक ग्रंथ म्हणून बघणार आहोत. म्हणजे मान देऊन, पण तपासून.

ऑगस्ट 2011 मध्ये सादर झालेल्या या अहवालाचं मोठेपण आधी मान्य करू. सह्याद्रीच्या संवेदनशीलतेचे तीन स्तर त्याने सुचवले, पण शेवटचा शब्द ग्रामसभांच्या चर्चेतून यावा असं सांगितलं. जंगल राखायचं तर माणूस बाहेर काढा, हा इंग्रजांच्या वनखात्यापासून चालत आलेला विचार त्याने नाकारला. वनहक्क कायदा नीट राबवा, असंही म्हटलं.

आमचा आक्षेप यापुढचा आहे. ‘स्थानिक लोक’ म्हणजे कोण? ‘गाव’ हे नाव एक, पण त्याच्या पोटात माणसं अनेक. खोती 1949 च्या कायद्याने गेली. गावात कोणाचा आवाज चालतो, हे मात्र त्या कायद्याने ठरलं नाही.

कातकऱ्यांचंच बघा. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैर तोडायला बंदी आली, मग कोळसा पाडणं आलं, मग वीटभट्टी. पावसाळा संपला की कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. अनेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर. ज्याच्या मालकीच्या जागेत आपली झोपडी, त्याच्यासमोर ग्रामसभेत हात वर कोण करेल?

अनुसूचित क्षेत्रात 1996 चा पेसा कायदा वाडीच्या पातळीवर ग्रामसभेची वाट देतो. रत्नागिरी जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही. राहतो 2006 चा वनहक्क कायदा. त्यात अशा गटांच्या अधिवासाच्या हक्काची तरतूद आहे. पण तो कागद भट्टीवर गेलेल्या माणसापर्यंत पोचवणार कोण?

म्हणून आमचं म्हणणं असं, की ग्रामसभेला अधिकार हवाच, पण त्याआधी वाडीखालची जमीन वाडीच्या नावे व्हायला हवी, आणि सभा भरायला हवी ती माणसं घरी असतील त्या दिवसांत. हे होत नाही तोवर ‘गावाने ठरवलं’ या वाक्याचा कर्ता कोण, हे आपण विचारत राहिलं पाहिजे.