ठकाचे सौजन्य आणि प्रेक्षकाची जागा

दूरचित्रवाणीवरील ठकसेनकथांवर असंभाव्यतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो: इतकी शहाणी माणसे इतक्या सहज कशी फसतील? हा आक्षेप ठकाच्या योजनेकडे पाहतो. वस्तुतः अशा कथेची संभाव्यता, फसणाऱ्याच्या समाजात अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याचे कोणते संकेत रूढ आहेत, यावर ठरते.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘सत्यान्वेषी’ या कथेवरून बासू चटर्जी यांनी दूरदर्शनच्या ‘ब्योमकेश बक्षी’ मालिकेचा (१९९३) पहिला भाग केला. कथा घडते कोलकात्यातील एका मेसमध्ये. एकटे राहणारे बाबू तेथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, एका पंक्तीला जेवतात आणि एकमेकांची पारख केवळ बोलण्याचालण्यावरून करतात. मुंबईच्या गिरणगावातील गावकऱ्यांच्या खोल्यांशी तुलना करण्याचा मोह होतो. परंतु तेथे गावाची ओळख बहुधा आधीच असते. मेसमध्ये सभ्यपणा हाच दाखला. मेसचे चालक अनुकूलबाबू होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत, मृदुभाषी आणि परोपकारी. त्यांच्या औषधांच्या आडून कोकेनचा व्यापार चालतो, हे कोणाला सुचत नाही. सुचणे असभ्यपणाचे ठरले असते.

याच मेसमध्ये अतुलचंद्र मित्र नावाचा तरुण येतो. जागा नसल्याने अजित आपल्या खोलीत त्याला सामावून घेतो. हा अतुल म्हणजेच ब्योमकेश. गुन्हेगार आणि सत्यान्वेषी दोघेही अजितच्या एकाच सौजन्यावर जगतात, आणि वाचकाला दोघेही आवडतात. कथेचे खरे धाडस येथे आहे. कोकेनचा उलगडा त्या मानाने सामान्य म्हणावा लागेल.

बीबीसीच्या ‘हसल’ (२००४–२०१२) या मालिकेत मांडणी उलट आहे. तेथे प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही, असे सूत्र असून सावज लोभी असते. पात्रे मधूनच कॅमेऱ्याशी बोलून प्रेक्षकाला टोळीत ओढतात. त्यामुळे ठकाचे आकर्षण निर्धोक होते. ‘सत्यान्वेषी’त प्रेक्षक अजितच्या शेजारी, म्हणजे फसलेल्यांत बसतो. बाबूरावांच्या ‘झुंजार’वर वाढलेल्या मराठी वाचकाला ही जागा काहीशी अवघड वाटणे स्वाभाविक आहे.

सावज लोभीच असावे, ही अट परशुरामांच्या ‘बिरिंचिबाबा’वर आधारलेल्या सत्यजित राय यांच्या ‘महापुरुष’लाही (१९६५) मान्य नाही. प्लेटोशी आपला परिचय होता असे सांगणाऱ्या बाबाच्या नादी लागलेले गुरुपदबाबू वकील आहेत, पण पत्नीवियोगाने खचलेले. बाबाच्या थापांना आपण हसतो. गुरुपदबाबूंना हसणे मात्र तितके सोपे जात नाही.