सूत्रधार आणि यंत्र

नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, चित्रपटाचेही साक्षेपाने होते. खेळाचे मात्र सहसा कोणी करीत नाही. खेळ म्हणजे पोरांचा वेळ घालविण्याचा उद्योग, अशी आपली समजूत. वस्तुतः खेळ हीदेखील एक रचना आहे आणि घर बदलले की तिचे रूप पालटते. मोक्षपटाचेच पाहा. आमच्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, त्या ज्ञानेश्वरांकडे परंपरा या पटाचे जनकत्व देते. त्याच्या घरांना सद्गुणांची नि दुर्गुणांची नावे असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जातीचा खेळ इंग्लंडात रुजला, हळूहळू ती नावे पुसली गेली आणि सापशिडी होऊन तो आपल्या मुलांच्या हाती आला. नावे गेली, आकडे उरले.

असाच प्रवास एका परदेशी खेळाचा चालू आहे, म्हणून हा प्रपंच. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुतरम्य कथाखेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. मेजाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो. बाकीच्यांत कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि विचारतो, “आता तुम्ही काय करता?” बेत तडीस जाईल की नाही अशी शंका असली, तर वीस पैलूंचा फासा टाकायचा.

वर्ष-दोन वर्षांतच विद्यार्थ्यांनी विद्यापीठांतल्या संगणकांवर त्याच्या नकला उतरविल्या. प्राणांक, पायऱ्या, शस्त्रांचे बळ हे सारे यंत्राने उचलले. आकडे ही तर त्याची मातृभाषा! सूत्रधार तेवढा त्याला उचलता आला नाही. रचणाऱ्याने आधी योजून ठेवलेल्या वाटांनीच तेथे जायचे.

पुढे धाकटा भाऊ शिरजोर झाला आणि थोरला त्याची नक्कल करू लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला कामगिरी नेमून दिली गेली: एकाने वार झेलायचे, दुसऱ्याने घाव घालायचे, तिसऱ्याने सोबत्यांना सावरायचे, चौथ्याने शत्रूची कोंडी करायची. कोणते कसब चकमकीत एकदा वापरायचे आणि कोणते दिवसातून एकदा, हेही ठरलेले. ही २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या व्हिडिओ गेमची मेजावरची प्रत आहे, असा ओरडा जुन्या खेळाडूंनी केला.

मला हा ओरडा अर्धाच खरा वाटतो. आकड्यांचे वेड मेजावर पहिल्यापासून होते, कारण हा खेळ जन्मला तोच लुटुपुटीच्या सैन्यांच्या लढायांतून. शिवाय, पूर्वी पहिल्या पायरीवरचा मांत्रिक एक मंत्र म्हणून झाला की दिवसभर हात बांधून बसे. चौथ्या आवृत्तीने त्याला काम दिले. दोष आहे तो निराळाच. करण्याजोग्या गोष्टींची यादी हातात आली की खेळाडूची नजर प्रसंगावरून उठते आणि कागदावर जाऊन बसते.

गेल्या सुटीत सावेडीला बहिणीकडे मी चार मुलांपुढे सूत्रधार झालो आणि प्रसंग घेतला आमच्याच भुईकोटाचा. साल १५९५-९६, शाहजादा मुरादच्या मोगल फौजेचा वेढा, तटाखाली सुरुंग. काही सुरुंग आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडले. चांदबिबी स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात ते बुजविले गेले, असे इतिहास सांगतो. मुलांना मी हे सांगितले नाही. विचारले, “आता काय करता?” तिघे कागदावरची कसबे चाळू लागले. अहोरात्र संगणकावर खेळणारा भाचा मात्र म्हणाला, “मामा, किल्ल्यात गवंडी किती आहेत?”

हा प्रश्न कोणत्याही यादीत नव्हता. पोरगा वाढला आहे तो २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ वर, आणि त्या व्हिडिओ गेममध्ये पेट्या एकावर एक रचून उंच जागी चढता येते. म्हणजे चांगले यंत्रही युक्तीला वाव देते. त्याच्याकडून घेण्यासारखेही पुष्कळ असते. औषधी काढा पिण्यात सारी पाळी खर्ची पडू नये, ही कित्येक मेजांवरची सवलत या गेममध्ये होती. २०२४ च्या नियमपुस्तकाने तिला अधिकृत मान्यता दिली. खेळ त्याने सुटसुटीतच झाला.

तेव्हा यंत्राने मुले मठ्ठ होतात, हा निवाडा मी देणार नाही. कसोटी आहे ती सूत्रधाराची. “तसे कागदावर नाही,” असे मी म्हटले असते, तर त्या क्षणी आमचे मेजच यंत्र झाले असते, आणि तेही चित्रे नसलेले, संगीत नसलेले, दरिद्री यंत्र. मी गवंडी चाळीस ठरविले, फासा पुढे केला आणि रात्रीचा पहिला प्रहर सुरू झाला.

नियम रचणाऱ्यांनी व्हिडिओ गेमकडून सोय घ्यावी, नेटकेपणा घ्यावा, “काय करता?” हा मोकळा प्रश्न मात्र त्याच्यापायी गहाण टाकू नये. हल्ली कशालाही उत्तर देणारे बोलके संगणक निघाले आहेत, गवंड्यांची संख्या तेही सांगतील. परंतु कोपऱ्यातली धाकटी अर्ध्या तासात एक शब्द बोललेली नाही, हे मेजाशी बसलेल्या माणसाला दिसते, आणि पुढचा प्रश्न तो तिलाच विचारतो.