डोके धुतले म्हणून केस गेले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात यायचा. यात लहान मुले होती, बायाबापड्या होत्या, म्हातारी माणसेही होती. जानेवारी २०२५ मध्ये ही बातमी सर्वत्र पसरली आणि तिच्याबरोबर कारणेही छापून आली. कोणी शाम्पूकडे बोट दाखवले, कोणी पाण्याकडे, तर कोणी बुरशीकडे. काहींनी तर 'टक्कल व्हायरस' असे बारसेही उरकून टाकले.

त्या आजाराची सबंध हकिगत सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. त्या वेळी पुढे आलेली स्पष्टीकरणे आम्हाला तपासायची आहेत, कारण त्यांत दिसणाऱ्या चुका आपल्या वर्गातही होत असतात. 'केस आठवड्यातून दोनदा धुवावेत' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवतात आणि विषय संपतो. दोनदाच का, हे ना आपण सांगतो, ना कोणी विचारते. केसांविषयीचे आपले ज्ञान असे फळ्यावरच राहिल्यामुळे शाम्पूवरचा आरोप आपल्याला लगेच पटतो.

प्रथम थोडे गणित करू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस येतो. एका केसाचे आयुष्य सरासरी तीन वर्षे, म्हणजे ढोबळमानाने एक हजार दिवस धरले, तर रोज किती केस गळायला हवेत? एक लाख भागिले एक हजार, म्हणजे शंभर. निरोगी माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, असे त्वचारोगतज्ज्ञही सांगतात.

आता घट्ट वेणी घालून दर रविवारी न्हाणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. आठवडाभर मुळापासून सुटलेले केस बऱ्याच अंशी वेणीतच अडकून राहतात. रविवारी पाणी पडले, बोटे फिरली की ते सगळे एकदम हाती येतात. चारपाचशे केसांचा गुंता पाहून मुलगी घाबरते आणि म्हणते, "डोक्यावरून पाणी घेतले की केस जातात." मग ती पंधरा दिवसांनी न्हाऊ लागते आणि पुढच्या खेपेस गुंता दुप्पट होतो! तिची भीती आणखी पक्की होते. न्हाण्याने केस गळत नाहीत, आधीच गळलेले केस न्हाताना दिसतात. कारण एका ठिकाणी आणि परिणाम नजरेस पडतो दुसऱ्या ठिकाणी, अशी ही गफलत आहे.

त्वचेच्या वर दिसणारा केस हा जिवंत नसतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो. त्याचे जिवंत मूळ त्वचेत काही मिलिमीटर खोल असते. साबण किंवा शाम्पू त्या धाग्यावरचे तेल, घाम आणि धूळ काढतो. फार तीव्र शाम्पूने धागा कोरडा पडेल, तुटेल, टाळूची आगही होईल, पण नेहमीच्या वापरात मुळाची वाढ थांबणार नाही. म्हणून 'किती वेळा?' या प्रश्नाला सर्वांसाठी एकच आकडा नाही. कापूस वेचून किंवा गव्हाची मळणी करून आलेल्या माणसाने रोज डोके धुतले तरी काही बिघडत नाही. कोरड्या, कुरळ्या केसांना आठवड्यातून एकदा पुरते. टाळू तेलकट झाली, धुळीने भरली, खाजू लागली की धुवावे, हा नियम पुरेसा आहे.

आता शेगावच्या गावांकडे वळू. कोणत्याही स्पष्टीकरणाला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. इथेच का? आताच का? यांनाच का?

शाम्पूला हे प्रश्न विचारून पाहा. एक-दोन रुपयांच्या पुड्या राज्यातल्या प्रत्येक गावात दुकानाच्या दाराशी लटकत असतात, मग केस याच गावांत का गेले? या पुड्या तर कित्येक वर्षे वापरात आहेत, मग डिसेंबरातच काय झाले? आणि ज्या घरात आजी शिकेकाई वापरते, आजोबा अंगाच्याच साबणाने डोके धुतात आणि नात शाम्पू लावते, त्या घरात केस कोणाचे गेले, याची यादी कोणी केली का? अशी यादी पाहिल्याशिवाय शाम्पूला दोषी ठरवणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देणे होय.

पाण्याचा संशय अधिक सयुक्तिक होता. शेगावचा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो. इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारट असते, त्यात साबणाला फेस येत नाही, चिकट साका तेवढा केसांवर बसतो. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा क्षार आणि नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. तपासणी योग्यच होती. परंतु खारपाण पट्टा काही डिसेंबर २०२४ मध्ये तयार झालेला नाही. याच पाण्यावर पिढ्यानपिढ्या माणसे जगत आली आहेत. जे कारण जुने आहे, ते एकट्याने नव्या घटनेचा खुलासा करू शकत नाही. 'आताच का?' या प्रश्नापाशी पाणी अडते.

बुरशीने बहुधा टाळूवर गोल चट्टे पडतात आणि ते हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी पसरतात. तीन दिवसांत डोके मोकळे करणे हे तिचे लक्षण नाही. राहिला 'टक्कल व्हायरस'. असा विषाणू कोणाला सापडला नव्हता, सापडले होते ते फक्त नाव. पण नावाला पाय फुटतात. विषाणू म्हटले की संसर्ग आला, संसर्ग म्हटले की शिवाशिव आली. ज्या मुलीचे केस गेले तिने शाळेत कुठे बसायचे? ज्या घरात लग्न ठरले आहे, त्यांनी पाहुण्यांना काय सांगायचे? मथळा लिहिणाऱ्याने याचा विचार करायला हवा होता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक जानेवारीत गावांत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ते सर्वांना परिचित आहेत. त्यांनी १८ गावांतील २७९ बाधितांचा उल्लेख केला. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य कितीतरी पटींनी वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले. रेशनवर मिळालेल्या, परराज्यातून आलेल्या गव्हाकडे त्यांनी निर्देश केला. त्या गव्हात किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम होते.

या आकड्याचा अर्थ मुलांकडून काढून घ्यावा. एक माणूस दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खातो असे धरले, तर पोटात सुमारे ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते. शरीराची रोजची गरज सुमारे ५० मायक्रोग्रॅमची आहे. ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षिततेची कमाल मर्यादा अनेक ठिकाणी मानली जाते. म्हणजे मर्यादेच्या दहापट! सेलेनियम हे आवर्तसारणीत गंधकाच्या खालच्या घरात बसते. केराटिनला बळकटी देणारे बंध गंधकाचे असतात. तिथे सेलेनियम शिरले की केस आणि नखे कमजोर होतात, असे मानले जाते. धान्यात ते मुळांवाटे येते आणि दाण्याच्या प्रथिनांत मुरते, त्यामुळे गहू धुऊन, निवडून ते जात नाही.

हे नवलाचे नाही. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात सेलेनियमयुक्त जमिनीत पिकलेले अन्न खाऊन लोकांचे केस आणि नखे गेली होती. आपल्याकडे पंजाबातील होशियारपूर आणि नवाशहर भागांतील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे कृषिशास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदवले आहे.

एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "सर, कोंड्यावरच्या काही शाम्पूंतही सेलेनियम असते ना?" असते, सेलेनियम सल्फाइडच्या रूपात. पण धडधाकट त्वचेतून ते नगण्य प्रमाणात शरीरात जाते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये याच भागातून नखे विद्रूप होण्याच्या आणि गळण्याच्या तक्रारी आल्या. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे मुळाशी झालेली इजा वर दिसायला काही महिने लागतात. केसांनंतर नखे जाणे या हिशेबाशी जुळते. नखांना तर कोणी शाम्पू लावत नाही!

तरीही गव्हाच्या स्पष्टीकरणाला आपण सवलत देऊ नये. 'आताच का?' याचे उत्तर त्यात आहे, कारण धान्याची खेप ठरावीक वेळी येते. 'यांनाच का?' याचेही आहे, कारण एका परातीतले पीठ सगळे घर खाते. पण 'इथेच का?' या प्रश्नासाठी ती खेप आणखी कोणत्या गावांत वाटली गेली आणि तिथे काय झाले, हे मांडावे लागते. रेशनचा गहू न खाणाऱ्या घरांशी तुलना करावी लागते. जो नियम शाम्पूला, तोच गव्हाला.

आमची तक्रार संशय घेण्याबद्दल नाही. सुरुवातीला सगळेच संशय घ्यावे लागतात. तक्रार आहे ती संशयालाच निकाल म्हणून छापण्याबद्दल. शाम्पूला दोष दिला की चूक न्हाणीघरात, म्हणजे त्या बाईच्या स्वतःच्या सवयीत शोधली जाते. ती बिचारी पुडी फेकून देते, शिकेकाई आणते, आणि कोठीतले पीठ मात्र तसेच मळत राहते. चुकीचे कारण केवळ चुकीचे नसते, ते खऱ्या कारणाला वेळ मिळवून देते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर एक सोपा प्रयोग सुचवतो. इच्छुक विद्यार्थ्यांनी दोन आठवडे फणीत आणि न्हाताना आलेले केस मोजून लिहावेत. काहींनी नेहमीपेक्षा जास्त वेळा डोके धुवावे, काहींनी कमी वेळा. नावे फळ्यावर लिहू नयेत आणि कोणाच्या डोक्याची चेष्टा होऊ देऊ नये. शेवटी एका दिवसाचा नव्हे, सबंध आठवड्याचा आकडा ताडून पाहावा. 'आठवड्यातून दोनदा' हे वाक्य त्यानंतर पुसले तरी चालेल. त्या जागी ते तीन प्रश्न लिहून ठेवावेत.